पालथा दगड

मालमत्ता कराच्या मोजणीला गेलो चेंदणीत,
हातात टेप, काखेत फाइल,
मागे एक कुत्रं, पार बंदरापासून.
हंसाबाई नाखवा मोरीत बोंबील धूत होत्या.
"वटा मोज, पडवी मोज,
पन त्या दगडाला टेप नको लावू.
त्याचा कर भरून झालाय."

दगड दीड हाताचा, फिकट, लोण्याच्या रंगाचा.
आपल्याकडचा नव्हे. आपला काळा असतो,
उन्हात चटका देतो. हा थंड.
मी म्हटलं, पावती?
त्यांनी हात पदराला पुसले.
"उलटा कर. तीच पावती."

दोघांनी मिळून उलथला.
खाली गांडुळं, शेवाळ, चार आण्याचं नाणं
आणि दगडाच्या पोटावर चित्र.

साहेब. टोपीएवढं पोट, पोटाएवढी टोपी,
एका हातात तराजू.
पुढ्यात आगरी, लंगोटीवर,
मिठागरातून नुकता वर आलेला.
साहेब त्याची पाठ चाटतोय.
जीभ दोरखंडाएवढी,
मणक्याचा एकेक मणी
मोजत वर चाललेली.
बाजूला कारकून, मांडीवर वही,
चाटण्याचे फेरे टिपतोय.
खाली एक ओळ, पण उलटी,
मुंग्या परत निघाल्यासारखी.

फोटो काढला, फोनवर आरशासारखा फिरवला.
मुंग्या वळल्या:
"घाम तुझा, मीठ सरकारचं."

मिठावर मणामागे कर चढला त्या सालची गोष्ट,
हंसाबाई सांगू लागल्या, बोंबील तसेच पाण्यात.
एलोजी झिराडकराचा शिळाप्रेस,
शनिवारी बंद, एरवी लग्नपत्रिका
आणि जुलाबाच्या औषधाच्या चिठ्ठ्या.
एका रात्रीत त्यानं साठ कागद छापले.
सकाळी पडावांवर, मीठ-चौकीच्या दारावर,
खुद्द साहेबाच्या बग्गीच्या पाठीलाही एक,
भाताच्या खळीनं डकवलेला.
साहेब गावभर हिंडला.
लोक समोरून वाकून मुजरा करत
आणि बग्गी पुढे गेली की
जीभ बाहेर.

साहेब चिडला नाही म्हणे.
पोट ओळखलं, टोपी ओळखली,
मग बराच वेळ
नुसता कारकुनाकडे बघत राहिला.

मीही फोनकडे बघितलं.
दगडावर उजव्या हातात असलेला टाक
कागदावर डाव्यात गेला होता.

मीठखात्यात बारा कारकून.
साहेबानं सगळ्यांना रांगेत बसवलं,
म्हणाला, स्वतःचं नाव लिहा.
अकरा टाक उजवीकडून चालले.
बारावा विश्राम चौबळ.
त्यानं टाक उजव्या हातात उचलला,
दौतीत बुडवला,
तेवढ्यावर सुटला असता.
मग डाव्यात घेतला.

"काय लिवला ते कुनी नाय सांगत,
पगार गेला तेवडा सांगतान."
झडतीच्या रात्री एलोजीनं दगड
यांच्या पणज्याच्या होडीत चढवला,
खाडीत बुडव म्हणाला.
पणजा हिशेबी. इतका गुळगुळीत दगड
कोण बुडवतं?
मोरीत पालथा घातला.
तेव्हापासून चार पिढ्यांच्या चोळ्या-लुगड्यांनी
त्याची पाठ धोपटली,
पोटाला ओरखडा नाही.

आम्ही तो पुन्हा होता तसा ठेवला.
नाणं त्यांनी खालीच राहू दिलं.
वट्यावर बसून मी तक्ता भरायला घेतला.
हंसाबाई माझ्या पेनाकडे बघत होत्या,
की मलाच तसं वाटलं.
मी उजव्यानं लिहितो.
दुसरीत असताना चुरी मास्तरांनी
डावा हात सुतळीनं बाकाला बांधून
हे वळण लावलं. अक्षर चांगलं आहे,
साहेब लोक नेहमी म्हणतात.

खाडीवरून वारा आला. ओठ खारट झाले.
कुत्रं माझी वाट बघत कंटाळून झोपलं होतं.
मी वटा लिहिला, पडवी लिहिली,
नंतर पेन जरा वेळ
या हातातून त्या हातात गेलं,
आणि शेवटच्या रकान्यात
पहिलीतल्या पोरासारखं वेडंवाकडं उमटलं:
मोरी, चार बाय पाच.
दगड वजा जाता.